सावलीत बसण्याचा पगार

चाळीसगाव, १० जानेवारी १९५५

आलो. धुळ्याहून निघालेली गाडी वाटेतल्या प्रत्येक खांबाला रामराम करत आली. स्टेशनावर लोटनशेठ जातीने हजर होते, म्हणजे गरज त्यांना आहे. सरकी आणि रुईत पैसा केलेला माणूस. पोट आधी येते, शेठ मागून येतात. आता गावाला टॉकीज बांधून देणार आहेत. टॉकीजचे नाव अजून ठरत नाही, मात्र दर्शनी भिंतीवर सिमेंटचे दोन मोर बसवायचे हे पक्के झाले आहे. छप्पर नाही, दारे नाहीत, पण मोर आहेत!

माझ्याआधीचा सुपरवायझर सिमेंटची पोती बाहेर विकत होता म्हणे. मी म्हणालो, "शेठ, चोर कोणीही पकडतो. चोरी न होता जो पैसा गळतो, तो पकडायला माणूस लागतो."

शेठ खूश झाले. मोठी वाक्ये आवडणारा माणूस दिसतो. धुळ्याची दोन गोदामे मी अंदाजपत्रकाच्या आत उभी केली, ते त्यांच्या कानावर आहेच. हेही काम आत बसवले तर भडगावच्या जिनिंग कारखान्याचे बांधकाम माझ्याकडे, असा शब्द दिला. मी वीस जणांच्या हाताखाली राबून इथवर आलो आहे. एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या नावावर जिनिंग म्हणजे थोडेथोडके नव्हे.

खोली तेलाच्या दुकानावर आहे. वास येतो.

१२ जानेवारी

साइट पाहिली. भिंती बाल्कनीच्या उंचीला येत आल्या आहेत. त्यावर स्लॅब पडायचा. मुख्य गवंडी नूर महंमद, जळगावचा. हाताने कमी आणि तोंडाने जास्त बांधतो. मालकाच्या खर्चाने दिवसातून दोनदा चहा चालू होता. एक बंद केला.

नूर महंमद म्हणाला, "साब, चाय बंद करा, पर मग हात बी सुस्त होतील."

मी म्हणालो, "हात सुस्त झाले तर दुसरे आणीन."

हसला. या माणसाला अपमान कळत नाही.

माल वाहणाऱ्या दहा बायका आहेत. त्यांची पुढारी सुंदरबाई. उंच, काळी, नाकात मोरणी. माझ्याकडे असे पाहते की जणू मीच तिच्याकडे कामाला लागलो आहे. सगळ्यांची बोली अहिराणी. मीही खानदेशातलाच, कळते सगळे, पण तसे दाखवले नाही. समजत नाही म्हटले की माणसे आपल्यासमोर खरे बोलतात.

१५ जानेवारी

आज गळती सापडली. चांगली ठसठशीत, सावलीत मांडी घालून बसलेली.

साइटच्या मागे कडुलिंबाचे झाड आहे. त्याखाली एक म्हातारी. लुगड्याच्या दोन झोळ्या फांदीला टांगलेल्या, सात-आठ पोरे भोवती. कोणी झोळीत, कोणी मातीत, एक तिच्या पाठीवर. मी सुंदरबाईला विचारले, "ही कोण?"

"ताईबाई."

"काय काम करते?"

"पोरं धरस."

"म्हणजे?"

"म्हंजे आम्ही वर चढतस, ती खाले बसस."

बायका फिदीफिदी हसल्या. हजेरीपत्रक पाहिले. इतर बायकांना मिळतात तेच बारा आणे या म्हातारीला, रोज, आठ महिने! डोक्यावर घमेले नाही, हातात फावडे नाही. आधीचा सुपरवायझर चोर होताच, वर आंधळाही होता.

"बसण्याचे बारा आणे?" मी विचारले.

सुंदरबाई म्हणाली, "बसाना नहीत, सायेब. आमना चढाना शेत."

बसण्याचे नव्हेत, यांच्या वर चढण्याचे आहेत म्हणे! या लोकांना प्रत्येक गोष्टीवर म्हण लागते. मी म्हातारीला सांगितले, "उद्यापासून यायचे नाही."

मला वाटले रडेल, पाया पडेल. तशी काही तयारी ठेवावी लागते. पण तिने एकेक पोर ज्याच्या त्याच्या आईकडे नेऊन दिले, फांदीवरची लुगडी सोडली, झटकली, घडी घातली आणि निघून गेली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. इतका गर्व, आणि तोही बसण्याच्या नोकरीचा!

२२ जानेवारी

शेठ आले होते. आठवड्याचा खर्च पाहून माझ्या पाठीवर थाप मारली. म्हातारीची हकीकत सांगितली तेव्हा इतके हसले की ढेरी बराच वेळ हलत राहिली. "नेरकर, तुम्ही माझे डोळे उघडले. सावलीत बसण्याचा पगार! वा!" हे वाक्य आता ते गावभर सांगत फिरतील, स्वतःचे म्हणून.

जाता जाता मोरांचे पिसारे थोडे मोठे करायला सांगून गेले.

३ फेब्रुवारी

बायकांनी संगनमत केले आहे. दुसरे काही असू शकत नाही.

पूर्वी दुपारपर्यंत जेवढा माल वर जायचा, त्याच्या निम्माही जात नाही. वर चढली की एकीचे पोर रडते, ती उतरते. ती उतरली की रांग तुटते, रांग तुटली की गवंडी थापी ठेवून विडी पेटवतो. पोरे वाळूच्या ढिगावर सोडलेली असतात. एकाने वाळू खाल्ली. एकाने खडीवर पडून नाक फोडून घेतले. मुद्दाम चालले आहे, मला दाखवायला. मी दबणार नाही. आज दोघींची हजेरी अर्धी धरली.

त्यातही त्रासदायक म्हणजे बेबाबाई. वीस वर्षांची असेल, नवरा साक्रीकडे कुठे ठेकेदाराबरोबर गेला तो गेलाच. तिचे पोर नुकते चालायला लागले आहे आणि चालायला लागल्याचा त्याला भारी अभिमान आहे. दीड हाताचे पोर, नाव मात्र अभिमन. सगळीकडे घुसते. आज माझ्या टेबलाखाली येऊन धोतराचा काठ चोखत बसले होते. मी पाय हलवला तर हसले.

नूर महंमद म्हणाला, "साब, बुढ्ढीला बोलवा. सस्ती होती."

मी म्हणालो, "गवंड्याने विटा बघाव्यात."

११ फेब्रुवारी

सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून टेकू द्यायच्या, बल्ल्या आणि फळ्या आल्या. भाडे रोजावर आहे, म्हणजे स्लॅब जितका लांबेल तितके पैसे जळणार. परमिटचे सिमेंटही आले. शेठ पोती अशी न्याहाळत होते, जणू घरात सून आली आहे.

१९ फेब्रुवारी

अभिमन चुन्याच्या हौदात पडला. पडला नाही, काठावरून वाकला आणि हात घातला. चुना कालच विरवायला टाकला होता, आत अजून गरम होता. आई शिडीवर होती. ती ओरडली, घमेले खाली आदळले. मी टेबलापाशी होतो. सगळ्यात जवळ मीच होतो असे नूर महंमद म्हणतो. मला तसे वाटत नाही. तो चौथऱ्यावरून उडी मारून आला, पोराला उचलले आणि पाण्याच्या पिंपात त्याचा हात खांद्यापर्यंत बुडवून धरला. पोर ओरडत होते. मग ओरडायचे थांबले, ते जास्त वाईट होते.

टांग्यातून डॉक्टरकडे नेले. टांग्याचे आणि औषधाचे मी दिले.

चूक आईची. हौद उघडा असतो हे तिला माहीत होते.

२० फेब्रुवारी

काल रात्री आणि आज दिवसभर जेवण गेले नाही. खानावळीतल्या तेलाने पित्त झाले असावे.

हौदावर फळ्या टाकून घेतल्या.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस एकही बाई आलेली नाही. भांडण नाही, मागणी नाही, पुढारी माझ्यापुढे येऊन उभी राहत नाही. नुसती रिकामी साइट. भांडायला आले असते तर मी उत्तर दिले असते. उत्तरे तयार होती.

बाजारात फिरलो. स्टेशनाजवळ रोजंदारीवाल्या बायका बसतात, तिथे एक रुपया सांगितला. एकीने विचारले, "ते टाकीसवरलं काम का?" हो म्हटल्यावर तिने पदर सावरून तोंड फिरवले. मग रुपया दोन आणे सांगितला. तिने फिरवलेले तोंड पुन्हा वळवले नाही. चाळीसगावात एवढा स्वाभिमान शिल्लक आहे हे गाव पाहून वाटत नाही.

शेठचा निरोप: सोमवारी, अठ्ठावीसला स्लॅब पडलाच पाहिजे. बल्ल्यांचे भाडे त्यांच्या स्वप्नात येते म्हणे.

२५ फेब्रुवारी

तितूर नदीच्या पलीकडे बायकांची वस्ती आहे तिथे गेलो. जाताना स्वतःला सांगत होतो की हा कामाचाच भाग आहे.

सुंदरबाई दारात ज्वारी पाखडत होती. उठली नाही. "या भाऊ," म्हणाली. साइटवर सायेब, इथे भाऊ.

मी म्हणालो, "सोमवारी स्लॅब आहे. एकदा टाकायला सुरुवात केली की मध्ये थांबता येत नाही. थांबले तर सांधा राहतो, पाणी गळते. सगळ्या जणी पाहिजेत."

"माले सांगतस का? चार सलाप टाकेल शेत मी."

"मग येणार ना?"

"ताईबाईले इचारा."

ताईबाईंचे घर दोन दारे सोडून. त्या ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर अभिमन. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. मला पाहून त्याने तोंड त्यांच्या पोटात खुपसले.

मी म्हणालो, "सोमवारपासून या. पहिलाच रोज देईन."

त्या म्हणाल्या, "मी काय कामनी? मी ते बसस."

टोमणा असता तर बरे वाटले असते. पण त्या सरळच बोलत होत्या. पुढे म्हणाल्या, "याले सोडी येता येवाव नही. हात हालाडस, पट्टी सोडस. याले धरनं पडस."

परत सुंदरबाईकडे. ती म्हणाली, "आम्ही येतस सोमवारले. मजुरी बुडी रायनी आमनीबी. पन खाले कोनी तरी धरानं पोरं. नही ते आम्ही चढाव नही."

"कोण धरणार?"

तिने सूप खाली ठेवले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "तुम्ही काय करतस सलापना दिवसले?"

"मी देखरेख करतो."

"मंग करा ना. पोरांसवर करा."

मागे दोन बायका उभ्या होत्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ

स्लॅब पडला.

मी पाहिला नाही. लिंबाखालून स्लॅब दिसत नाही.

झाले ते असे. सकाळी बायका आल्या, एकेकीने आपापले पोर माझ्यापुढे ठेवले आणि गेली. कोणी काही सांगितले नाही, फक्त सुंदरबाई म्हणाली, "झोळीनं लुगडं दोन्ही बाजूले सारखं बांधजा, नही ते पोर खाले पडस." झोळी बांधायला मला तीन खेपा लागल्या. मी गोदामांच्या छतावर लोखंडी कैच्या चढवल्या आहेत.

सहा पोरे होती. सहा पोरे म्हणजे साठ गड्यांपेक्षा वाईट. गड्याला ओरडले की तो निदान काम केल्याचे सोंग करतो. यांच्यावर ओरडलो तर सगळी एकदम रडली आणि वरून नऊ जणी वाकून पाहू लागल्या. रांग थांबली. नूर महंमद ओरडला, "नेरकर साब, आवाज नको! माल सुकतो!" माझ्याच साइटवर मला.

मग आवाज केला नाही. एकीला खांद्यावर घेतले, तिने माझ्या सदऱ्यावर मुतले. दुसऱ्याने माझे पेन मातीत खुपसले. एक नुसते रांगत निघायचे, उत्तरेला, प्रत्येक वेळी उत्तरेलाच, तिकडे काय आहे कोण जाणे. आणून ठेवले की पुन्हा निघायचे. दहा वेळा आणल्यावर माझ्या लक्षात आले की मी क्षणभर जरी वर, परांचीकडे पाहिले, तरी ते पोर हाताच्या अंतराबाहेर जाते. क्षणभरच. म्हणून मी वर पाहणे सोडले.

दिवसभर मांडी मोडली नाही. पाठ अशी धरली आहे की घमेली वाहिली असती तर परवडले असते.

वरून फक्त आवाज येत होता. फावड्यांचा, घमेली हातोहात जातानाचा, सुंदरबाईच्या "चाल, चाल"चा. एकदाही थांबला नाही. उन्हे कलायच्या आत काम संपले. मी समोर उभा असताना इतक्या वेगाने या लोकांनी कधी काम केले नव्हते. याचा अर्थ काय लावायचा? आळशी माणसे, मालक पाठीमागे नसला की हुरूप येतो, असा लावून पाहिला. नीट बसत नाही.

शेवटी शेठ आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. "सुपरवायझर कुठे आहेत?" असे विचारत विचारत लिंबाखाली पोचले. तेव्हा ते उत्तरेकडचे पोर माझ्या खांद्यावर झोपले होते. मी उठलो नाही. उठलो असतो तर जागे झाले असते.

शेठांनी पुडा काखेत धरला. मग म्हणाले, "हे काय, नेरकर?"

मी म्हणालो, "हळू बोला."

१ मार्च

शेठच्या पेढीवर गेलो. दोन गोष्टी मागितल्या: ताईबाईंना पुन्हा हजेरीवर घ्यायचे, आणि बेबाबाईच्या मुलाच्या हाताचे पुढचे औषधपाणी टॉकीजच्या खर्चातून करायचे. डॉक्टर म्हणतात दोन बोटे चिकटून राहतील. पुढे मुंबईला नेऊन सोडवता आली तर येतील.

शेठ म्हणाले, "म्हातारीला तुम्हीच काढली."

"चुकले."

"चुकले कसे? पैसे वाचले की!"

"पैसे वाचले नाहीत. काम निम्म्यावर आले, बल्ल्यांचे भाडे वाढले, आणि एका पोराचा हात गेला. हवे तर तुमचा एक मोर कमी करा, त्यात म्हातारीचा वर्षाचा रोज निघेल."

मोराचे नाव काढल्यावर त्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते चेष्टेत होते. म्हणाले, "नेरकर, काल तुम्ही झाडाखाली बसला होतात. वर स्लॅब झाला की नाही?"

"झाला."

"उत्तम झाला. मग मला सांगा, तुमचा पगार मी कशासाठी देतोय? हा हिशेब मला तुम्हीच शिकवला." आणि हसले. ढेरी हलली. "उरलेले काम नूर महंमद बघेल. भडगावचे पुढे पाहू."

पुढे पाहू म्हणजे नाही. धोतर नेसलेला रुईचा गठ्ठा. पण त्याने लावलेल्या हिशेबात मला चूक काढता आली नाही.

साइटवर सामान घ्यायला गेलो तर ताईबाई लिंबाखाली बसल्या होत्या, अभिमनला घेऊन. नूर महंमद म्हणाला, "शेठने पैसा दिला नाही. बायका एक-एक आणा देणार, बाकी आम्ही गवंडी लोक. बेबाबाईचा बच्चा पण इथेच ठेवा म्हटलं बुढ्ढीला."

म्हणजे खर्च कुठेच वाचला नव्हता. फक्त तो सोसणारी माणसे बदलली.

नूर महंमदने चहा मागवला. त्याच्या पैशाने. प्यालो.

२ मार्च

दुपारच्या गाडीने धुळ्याला जायचे होते. त्याआधी बेबाबाईच्या घरी गेलो. रात्री पोराला घेऊन जागते, म्हणून अपघातापासून ती कामावर नव्हती; दिवसा पोर ताईबाईंकडे. शेवटच्या पगारातले काही तिला द्यायचे होते. ताईबाईंनी पोराला दुपारचे घरी आणून निजवले होते.

बेबाबाईने घाईघाईने गोधडी अंथरली. पैसे घेतले, कपाळाला लावले आणि रडायला लागली. "सायेब, तुम्ही देवमानूस शेत. दवाखानाना पैसा तुम्ही दिधात. तुम्ही नही ऱ्हातात ते मना पोर वाचता नही."

मला शिसारी आली. इतका लाचारपणा! जिच्या पोराचा हात माझ्या साइटवर भाजला, ती मला देव म्हणते. यांना कोणी कितीही तुडवावे, हे हात जोडणारच.

"ताईबाईंना कामावरून मी काढले होते," मी म्हणालो. "माहीत आहे ना?"

"माहीत शे."

"मग देवमाणूस कसला?"

ती डोळे पुसून, हात जोडून म्हणाली, "तसं काय नही, सायेब. सोमवारपशी मी कामवर येऊ का? इतलंच इचारानं व्हतं."

मी सांगितले की ते आता नूर महंमदला विचार. मला शेठने काढले, मी आजच्या गाडीने चाललो.

"म्हंजे कायमना?"

"कायमचा."

मग जोडलेले हात तिने खाली घेतले. चेहऱ्यावरचे रडे असे गेले की जणू कामाचे घमेले उतरवून ठेवले. पदर खोचून माझ्यासमोर खाली बसली.

"मंग आते सांगस," म्हणाली. "ऐका. पोर हौदकडे जाई रायनं ते मी वरतून देखं. मना डोकावर भरेल घमेलं. टाकी देवो आनि पळो, असं मनमा उनं. पन आदल्या हप्ताले घमेलं सांडनं तवय तुम्ही मनी हजेरी कापी. बठ्ठासमोर माले शिवी दिधी. ते याद उनं. टाकू का नको, टाकू का नको." तिने एक श्वास घेतला आणि सोडला. "इतलीच येळ. इतली येळमा त्याना हात आत गया."

मला ती हजेरी कापल्याचे आठवेना. खरेच आठवेना. कोणाकोणाची कापली होती.

मी काही तरी बोलायला तोंड उघडले. ती म्हणाली, "नका बोलू. बठ्ठा दिवस तुम्हीच बोलतस. आते उठा. ते झोपी रायनं, दुखामुळे झोपत नही, आतेच झोपनं."

अभिमन कोपऱ्यात गोधडीवर होता, पट्टीचा हात छातीवर. मी उठलो. उंबऱ्यापाशी वहाणा होत्या, नव्या, करकर वाजणाऱ्या. त्या पायात न घालता हातात घेतल्या आणि तशाच गल्लीच्या टोकापर्यंत नेल्या. फुफाटा तापलेला होता.